तिसरा पुकारा

१

माणसाला मरायला एक श्वास पुरतो. तो मेला हे कागदावर पटवायला मात्र झेरॉक्सचा गठ्ठा लागतो. धोंडीराम वाघमोड्यांना जाऊन दोन महिने झाले होते आणि त्यांची मुलगी वैजयंती एव्हाना कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याचं रोजचं गिऱ्हाईक झाली होती. मृत्यूचा दाखला आठ प्रती, रेशनकार्ड चार, घरपट्टीची पावती चार. सोलापुरात मार्चातच मे महिन्याचं ऊन पडलं होतं, म्हणजे त्यात उभं राहणाऱ्यानं मागच्या जन्मी काहीतरी केलं असावं असं.

तिला वारस दाखला हवा होता. वडलांचं, म्हणजे दादांचं, दोन खोल्यांचं घर दादांच्याच नावावर होतं आणि कोर्टानं वारस ठरवल्याशिवाय ते तिच्या नावावर होणार नव्हतं. नवऱ्यानं टाकल्यापासून बारा वर्षं ती तिथंच राहत होती, शाळेच्या गणवेशांच्या कॉलर शिवून पोट भरत होती. त्या दोन खोल्या गेल्या तर तिला जगात पथारी टाकायलाही जागा उरणार नव्हती.

प्रियदर्शनी वकील वयानं लहान, पण कामात चोख होती. शपथपत्र पुढं ठेवून तिनं पुन्हा विचारलं, "ताई, आणखी कोणी भाऊबहीण? वारलेलं, घर सोडून गेलेलं? नंतर निघालं तर अवघड होतं."

"न्हाई. मी एकलीच हाय."

खोटं बोलायला तिला जराही वेळ लागला नाही. ते वाक्य घरात सव्वीस वर्षं मुरलेलं होतं. तिनं सही केली, अंगठ्याला लागलेली शाई पदराला पुसली आणि व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसली.

हा व्हरांडा तिच्या ओळखीचा होता. दादा याच कोर्टात शिपाई होते. तीस वर्षं त्यांनी पक्षकारांच्या नावाचा पुकारा केला. आताचा पोरगेला शिपाई ऋतुराज दारातच उभा राहून तिन्ही पुकारे एका दमात उरकत होता, गाडी चुकत असल्यासारखे. दादांची रीत वेगळी. पहिली हाक दारातून, दुसरी व्हरांड्याच्या टोकावरून, आणि तिसरी खाली उतरून पार कडुलिंबाच्या झाडापाशी जाऊन. ते म्हणायचे, "पयली हाक कोर्टाची, दुसरी वकिलाची. तिसरी मानसाची. माळशिरसहून पाटेच्या गाडीनं आल्याली म्हातारी झाडाखाली डुलकी काढत अस्ती, तिला ऐकू गेली पायजे." आणि तिसऱ्या हाकेनंतर ते थांबायचे. म्हातारीनं जागं व्हावं, पदर सारखा करावा, ओ द्यावी, एवढा वेळ थांबायचे.

ऋतुराजनं कुणा रामहरीच्या नावाचे तीन पुकारे उरकले आणि तो आत वळला. तेवढ्यात कडुलिंबाकडून आणखी एक हाक आली.

नाव कळलं नाही. नुसती ओढ कळली, शेवटचं अक्षर ताणून सोडून द्यायची. वैजयंतीचा हात पिशवीवर आवळला. दादांच्या घशात गाठ झाली होती. ऑपरेशननंतर शेवटची तीन वर्षं त्यांना शब्दही काढता येत नव्हता. आणि आता तर ते नव्हतेच. इतकी वर्षं ऐकलंय, कानात बसलंय, तिनं स्वतःला समजावलं. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तो हा.

पण झाडाखालच्या लोकांतली एक म्हातारी उठून उभी राहिली होती. पदर सारखा करत, आपल्याला कुणी बोलावलं म्हणून इकडंतिकडं बघत होती.

२

वारसाच्या अर्जाची जाहीर नोटीस मयताच्या दारावर डकवावी लागते. कुणाची हरकत असली तर त्यानं तीस दिवसांत कोर्टात येऊन सांगावं, असं तिच्यात लिहिलेलं असतं. ती घेऊन बेलिफ चनबसप्पा आले. अक्कलकोटकडचा माणूस, दादांच्या बरोबरीनं नोकरी केलेला, निवृत्तीला टेकलेला. शेजारच्या सिद्धेश्वरीकाकू आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला असे दोन पंच उभे करून त्यांनी दाराला खळ लावली, नोटीस चिकटवली, तळहातानं दाबून सपाट केली.

"धोंडीराम असता तर नुसती चिकटवून गेला नसता," ते म्हणाले. "गल्लीच्या टोकापत्तूर वरडून आला असता. शिवा शिवा, काय आवाज हुता." मग पाणी पिता पिता त्यांनी सहज विचारलं, "थोरली कुटं असती आता?"

वैजयंतीनं तांब्या उचलला. "थोरली कोन? मी एकलीच की."

चनबसप्पांनी तिच्याकडं पाहिलं. मग दारावरच्या कागदाकडं पाहिलं. "व्हय, व्हय," ते म्हणाले आणि पंचांच्या सह्या घेऊन सायकलवर बसले.

त्या दुपारी ती दाराला आतून कडी लावून मशीनवर बसली. घराला दार एकच, पुढच्या खोलीला. दादांची खाट तिथंच होती, अजून हलवली नव्हती. मशीन आतल्या खोलीत. तीनच्या सुमारास ती पाणी प्यायला उठली तर कडी निघालेली. दार लोटलेलं, पण कडी खाली लोंबत होती आणि अजून हलत होती.

तिनं ती पुन्हा लावली. दुसऱ्या दिवशी तीनला पुन्हा निघालेली. तिसऱ्या दिवशीही. लोखंड उन्हानं फुगतं, चौकट जुनी झाली, मशीनचे हादरे बसतात. कारणं काही कमी नव्हती आणि तिला ती सगळी पटत होती. तिनं कडीच्या फटीत कापडाची घडी कोंबून पाहिली. तीन वाजता घडी खाटेवर ठेवलेली होती, चारी बाजूंनी नीट दुमडून.

३

आता ते सांगायलाच हवं. झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ही मूठ आतून उघडू लागली होती.

धोंडीरामांना दोन मुली होत्या. थोरली रंभा. वैजयंती तिला आक्का म्हणायची. आक्का विसाव्या वर्षी, शहराच्या पूर्वभागातल्या एका तेलुगू विणकराच्या मुलाबरोबर निघून गेली. मुलगा चांगला होता म्हणतात. पण धनगराच्या पोरीनं मागावाल्याच्या घरात जावं हे दादांना सोसलं नाही. ते कोर्टातून आले, खाकी कपड्यांनिशी नळाखाली बसले आणि रंभाच्या नावानं त्यांनी अंघोळ केली. माणूस गेल्यावर करतात ती. सगळी गल्ली बघत होती. अंगावरून पाणी निथळत असताना ते म्हणाले, "मला एकच पोरगी हाय."

महिन्यानं आक्का आली. रविवारी भर दुपारी, तीनच्या सुमारास. दादा जेवत होते. गल्लीत तिची चाहूल लागली तसे ते ताटावरची मान वर न करता म्हणाले, "वैजे, कडी लाव."

वैजयंती पंधरा वर्षांची होती. तिनं कडी लावली.

बाहेरून आक्कानं हाक मारली. "दादा." मग थोडी थांबली. "दादा." पुन्हा थांबली. बापाची रीत तिनं बरोबर उचलली होती. तिसऱ्या हाकेनंतर ती बराच वेळ थांबली, झाडाखालची म्हातारी उठून पदर सारखा करील एवढा वेळ. कडीवर वैजयंतीचा हात तसाच होता. रोज लोकांच्या पोरीबाळींना हाका मारणारा माणूस भाकरीचा तुकडा घेऊन बसून राहिला आणि ओ काही दिली नाही. मग चपलांचा आवाज गल्लीत लांब गेला. नवराबायको भिवंडीला गेली असं कुणी म्हणालं, कुणी सुरत म्हणालं. पुढं कुणी काही म्हणेना.

एवढं होतं. आणि आणखी एक होतं, ते वैजयंतीला आता, रिकाम्या खाटेकडं बघताना कळलं. आवाज गेल्यावर दादा रोज दुपारी उठून बसायचे, दाराकडं तोंड करायचे आणि तोंड उघडायचे. मिटायचे. थोडं थांबून पुन्हा उघडायचे. असं तीनदा. त्यांना तहान लागली म्हणून ती रोज पाण्याचा पेला तोंडाला लावायची. ते पाणी घ्यायचे. डोळे मात्र दारावरच असायचे.

तीन वर्षं तिनं त्यांना पाणी पाजलं होतं. ती खाटेच्या कडेला बसून खूप रडली.

४

नोटिशीला वीस दिवस झाले तेव्हा सिद्धेश्वरीकाकू भिंतीवरून म्हणाल्या, "वैजू, राग येऊ दिऊ नगंस, पन रोज दुपारी कुनाला गं हाका मारतीस?"

"मी?"

"मग कोन? आदी घरातनं, मग दारातनं, मग पार गल्लीच्या टोकाला जाऊन. लई आवाज काढतीस बापावानी. पयल्या दिवशी माज्या अंगावर काटाच आला."

"काय नाव घेते मी, काकू?"

"नाव न्हाय कळत. नुसता सूर येतो." काकूंनी तिच्याकडं जरा निरखून पाहिलं. "डॉक्टरला दाखीव. घसा बसलाय तुजा."

घसा बसला होता हे खरं. रोज संध्याकाळी तो सोलून निघाल्यासारखा दुखायचा. कापडाची धूळ, असं तिनं धरलं होतं. आता तिनं दुपार आठवून पाहिली. अडीचपर्यंतच्या कॉलर आठवत होत्या. साडेतीननंतरच्याही आठवत होत्या. मधल्या तासाच्या कॉलर शिवून झालेल्या होत्या, पण त्या शिवल्याचं तिला आठवेना.

दुसऱ्या दिवशी तिनं पदराचा बोळा तोंडात धरला आणि मशीनच्या पायाला एक हात बांधून बसली. मोठ्या बाईनं असं बसावं याचं तिला हसूही आलं. तीन वाजले. पुढच्या खोलीत कडी पडली. मग पहिली हाक आली, खाटेवरून. दुसरी दारातून आली. तिसरी गल्लीच्या टोकाहून, आणि ती येताना वैजयंतीच्या घशातून कुणीतरी दोरा ओढून काढावा तशी आग झाली. तोंडातला बोळा जागच्या जागी होता.

हाकेपेक्षा नंतरचं थांबणं वाईट होतं. ते गल्लीच्या टोकाला उभं होतं आणि वाट बघत होतं. कुणी ओ दिली नाही. मग ते परत आलं, दारातून, चपला न वाजवता, आणि खाट करकरली.

तिला भीती वाटली, खूप वाटली. पण दया त्याहून जास्त वाटली. बापच होता तो. तोंडातला बोळा काढून ती आतूनच, हळू म्हणाली, "दादा, मी काय करू? घर जाईल की माजं."



५

तारखेला तिनं नवं लुगडं नेसलं. प्रियदर्शनी म्हणाली, "काही अवघड नाही ताई. हरकतीचा पुकारा होईल, कुणी येणार नाही. जज्ज मॅडम एकच प्रश्न विचारतील, तुम्ही हो म्हणायचं. महिनाभरात दाखला हातात."

ऋतुराजनं दारात उभं राहून मयत धोंडीराम वाघमोडे यांच्या अर्जाला कुणाची हरकत आहे का असं एका दमात तीनदा विचारलं. कुणाची नव्हती. वैजयंती पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. न्यायाधीश मॅडमनी चष्मा सारखा करून कागद वाचला.

"मयताला तुमच्याशिवाय दुसरं अपत्य नाही, हे खरं आहे?"

एका शब्दाचं काम होतं. वैजयंतीनं तोंड उघडलं. घशात काहीतरी भरून आलं, मोठं, जुनं. तिनं तोंड मिटलं. पुन्हा उघडलं. तिसऱ्यांदा उघडलं तेव्हा ती काय करते आहे हे तिचं तिलाच कळलं, आणि प्रियदर्शनीनं घाईघाईनं पुढं केलेला पाण्याचा पेला तिनं हातानं बाजूला केला.

ती पिंजऱ्यातून उतरली आणि दाराकडं चालू लागली. ऋतुराज अडवायला सरसावला, तर मॅडमनी त्याला हातानं थांबवलं. दारात पहिली हाक झाली.

"रंभा धोंडीराम वाघमोडे, हाजिर हाय काऽ?"

 व्हरांड्याच्या टोकाशी दुसरी हाक झाली. म्हातारे कारकून खुर्च्या सोडून खिडकीशी आले. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. वैजयंती पायऱ्या उतरून उन्हात आली, कडुलिंबाखाली गेली, आणि तिसरी हाक कंपाउंडाच्या भिंतीवरून पलीकडं रस्त्यावर गेली. मग ती थांबली. तिच्याबरोबर आणखी कुणीतरी थांबलं होतं, डाव्या खांद्यामागं, जड श्वास घेत. तिनं मान वळवली नाही.

झाडाखालचं कुणी उठलं नाही. पण बराच वेळ थांबल्यावर तिला खांद्याशी ओल्या खाकी कापडाचा वास आला आणि मग तो गेला.

ऋतुराज तिच्या मागोमाग आला होता. नंतर त्यानं प्रियदर्शनीला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, मी बाईंच्या बगलंला हुतो. हाक मी ऐकली. पन त्यांचं तोंड मिटल्यालं हुतं."

वैजयंती परत पिंजऱ्यात आली. "मी खोटं लिवून दिलं," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी फाटका, तिचा स्वतःचा होता. "आमी दोगी हाओत. थोरली रंभा. दादांनी तिच्या नावानं अंघोळ केली, पन ती मेली न्हवती. कडी मी लावली हुती."

मॅडमनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी खोट्या शपथपत्राबद्दल कडक समज दिली, अर्जात दुरुस्ती करायला सांगितलं आणि रंभाला नोटीस काढण्याचा हुकूम केला. पत्ता विचारला. भिवंडी की सुरत, वैजयंतीला सांगता येईना.

"मग शेवटचा माहीत असलेला पत्ता लिहा," मॅडम म्हणाल्या.

तो घराचाच होता.

६

आठ-दहा दिवस घरात काही झालं नाही. तीन वाजत, कडी जागेवर असे, घसाही बरा झाला. वैजयंतीला हायसं वाटलं आणि चुकल्यासारखंही वाटलं. अर्धं घर गेलं तर गेलं, असं ती स्वतःला सांगायची, आणि रात्री पुन्हा खोल्यांची लांबीरुंदी मनात मोजत पडायची. माणूस आहे, एकदा खरं बोलल्यानं काही संत होत नाही.

त्या सोमवारी ती दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून कॉलरचं गाठोडं द्यायला गेली. येताना प्रियदर्शनीकडं डोकावली. कोर्टाच्या पायऱ्यांवर चनबसप्पा भेटले. खुशीत होते.

"बजावली की नोटीस," ते म्हणाले. "हातात दिली. बरं झालं पोरी, लई बरं केलंस. त्या दिवशी तू न्हाय म्हनलीस, तवा वाईट वाटलं हुतं मला."

"कुनाच्या हातात?"

"कुनाच्या म्हंजे? रंभाच्या. तिच्यासाटी तर हुती."

"घराला कुलूप हाय, अप्पा."

"कुटलं कुलूप? दार सताड उघडं. उंबऱ्यातच उभी हुती. मी एक हाक मारली आन् तिनं लगेच ओ दिली." ते हसले. "नुकती न्हाऊन आल्याली, केस गळत हुते. म्हनलं वळीखलंस का, तर मान हालीवली. आत कुनाला तरी वाढत हुती, ताट दिसलं."

त्यांनी बजावणीची प्रत काढून दाखवली. घेणाऱ्याच्या जागी सही होती. रंभा धोंडीराम वाघमोडे. शाळेतल्या वहीत काढायची तसली गोल अक्षरं. वैजयंतीनं ती लहानपणी गिरवली होती. शाई पाण्यानं थोडी फुटली होती आणि कागद अजून ओलसर लागत होता.

"कुटनं आली म्हनाली?" तिनं विचारलं.

चनबसप्पांचं हसू जरा कमी झालं. "ते मी इचारलं न्हाय," ते म्हणाले. "का कुनास ठाऊक."

ती घरी पोचली तेव्हा तीन वाजायला आले होते. गल्ली उन्हानं रिकामी होती. दाराला कुलूप होतं, तिनं लावलं तसंच. दारावरची जुनी नोटीस होती तिथं होती. तिनं कमरेची किल्ली काढली. कुलूप निघालं. दार ढकललं तर ते उघडेना.

आतून कडी लावलेली होती.

तिनं दाराला कान लावला. आत ताट सरकल्याचा आवाज झाला. कुणीतरी सावकाश जेवत होतं. कुणीतरी पाण्याचा पेला खाली ठेवला. मग आतल्यांना तिची चाहूल लागली असावी, कारण सगळं थांबलं. दारापलीकडं, अगदी जवळ, कडीवर हात ठेवून कुणीतरी उभं राहिलं. तो हात तिला दिसत नव्हता, पण त्याची जागा तिला पाठ होती.

वैजयंतीला पळून जावंसं वाटलं. तसं केलं असतं तरी कुणी तिला नावं ठेवली नसती. पण आत जे होतं ते तिचंच घर होतं, आणि बाहेर उभं राहणं म्हणजे काय असतं हे सव्वीस वर्षांनी तिला पायाखालच्या तापलेल्या फरशीवरून कळत होतं.

"आक्का," तिनं हाक मारली.

ती थोडी थांबली. "आक्का."

मग तिनं पदर सारखा केला आणि तिसरी हाक मारली. आणि मग ती थांबली, झाडाखालच्या म्हातारीला जागं व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा, आणि त्याहूनही थोडा जास्त.

आत, खाटेच्या बाजूनं, कुणीतरी घसा खाकरला. तीन वर्षं बंद असलेल्या घशाला सुरुवातीला त्रास होतो तसा.

"वैजी आली," ते म्हणाले. "कडी काढ."

कडी निघाली.